खरेदी रजिस्टर आणि टू-बी: दोन याद्या ताडून राहिलेली बिले कशी शोधायची

खरेदी रजिस्टरमध्ये ४१२ बिले आहेत आणि जीएसटी पोर्टलवरून उतरवलेल्या टू-बीत (जीएसटीआर-टू-बी, म्हणजे विक्रेत्यांनी आपल्या जीएसटी नंबरावर दाखवलेल्या बिलांची यादी) ३९८. मग १४ बिले राहिली का? तसे मुळीच नाही. रजिस्टरमधली ४० बिले टू-बीत नसतील आणि टू-बीतली २६ रजिस्टरमध्ये नसतील, तरी वजाबाकी १४च येते. बेरजांवरून किंवा ओळींच्या संख्येवरून किती आणि कोणती बिले राहिली ते कळत नाही. त्यासाठी एकेक नोंद दुसऱ्या यादीत शोधावी लागते, आणि तीही दोन्ही बाजूंनी.

हे काम एक्सेलमध्ये कसे करायचे ते इथे पायरीपायरीने दिले आहे. उदाहरण जीएसटीचे घेतले आहे, कारण दर महिन्याला ही जुळवणी खूप लोक करतात आणि चुकण्याच्या सगळ्या जागा तिच्यात सापडतात. सोसायटीच्या सभासदांची यादी बँकेच्या जमेशी ताडायची असो की शाळेचा पट परीक्षेच्या यादीशी, पद्धत हीच.

आधी लिपीबद्दल. लेखात फॉर्म्युले देवनागरीत दिले आहेत. शीटमध्ये तीच अक्षरे इंग्रजीत आणि आकडेही इंग्रजी टाइप करायचे. देवनागरी आकडा फॉर्म्युल्यात चालत नाही. काउंटइफ, समइफ, सबस्टिट्यूट ही नावे मध्ये जागा न सोडता सलग लिहायची. ‘कॅर’ म्हणजे इंग्रजी कॅरेक्टर या शब्दाची पहिली चार अक्षरे. बरोबरचे चिन्ह देऊन पहिली दोन-तीन अक्षरे टाइप केली की एक्सेल खाली नावांची यादी दाखवते. तिच्यातून नाव निवडून टॅब दाबला की स्पेलिंगची चूक होत नाही. गुगल शीट्समध्ये हेच फॉर्म्युले चालतात. लिबरऑफिस कॅल्कमध्ये कधी कधी स्वल्पविरामाच्या जागी अर्धविराम द्यावा लागतो.

याद्या शीटमध्ये आणताना

निम्म्या चुका फॉर्म्युला लिहिण्याआधीच, फाइल उघडताना होतात. सीएसव्ही फाइलवर (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) डबल क्लिक केले की एक्सेल प्रत्येक मजकुराकडे बघून तो काय असावा हे स्वतःच ठरवते. ‘००४५’ या बिल नंबराचे ‘४५’ होते. ‘५/२४’ हे बिल मे २०२४ ही तारीख बनते. सेलमध्ये महिन्याचे नाव आणि वर्ष दिसते, पण आत साठवला जातो ४५४१३ हा आकडा. ‘१२ई०५’ अशा नंबरातल्या ई या अक्षराला एक्सेल घातांक समजते आणि त्याचे बारा लाख करून ठेवते. हे एकदा झाले की मागाहून कॉलमला टेक्स्ट फॉरमॅट देऊन मूळ नंबर परत येत नाही. फाइल पुन्हा उतरवूनच घ्यावी लागते.

म्हणून सीएसव्ही असेल तर नवी कोरी वर्कबुक उघडा, डेटा मेनूमधून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ घ्या, ट्रान्स्फॉर्म डेटावर जा आणि बिल नंबराच्या कॉलमचा प्रकार ‘टेक्स्ट’ करा. कॉपी-पेस्ट करणार असाल तर पेस्ट करण्यापूर्वी तो कॉलम निवडून टेक्स्ट फॉरमॅट द्या आणि मग पेस्ट स्पेशलमधून फक्त व्हॅल्यूज किंवा साधा मजकूर पेस्ट करा.

टू-बीची एक्सेल फाइल बऱ्यापैकी शहाणी असते, पण तिच्या वरच्या काही ओळी शीर्षकाच्या असतात आणि त्यांतले सेल मर्ज केलेले असतात. तशाच शीटवर काम केले तर फिल्टर अर्धवट लागतो आणि क्रम लावताना ओळी हलतात. मूळ फाइलला हात लावू नका. नव्या वर्कबुकमध्ये दोन शीट करा, ‘वही’ आणि ‘टूबी’, आणि दोन्हींत कॉलमचा क्रम एकसारखा ठेवा: ए मध्ये पार्टीचा जीएसटी नंबर, बी मध्ये बिल नंबर, सी मध्ये तारीख, डी मध्ये करपात्र रक्कम, ई मध्ये एकूण कर. पहिली ओळ शीर्षकाची, दुसऱ्या ओळीपासून माहिती. मध्ये रिकामी ओळ नको, तळाशी बेरजेची ओळ नको. टॅलीतून काढलेल्या रजिस्टरच्या शेवटी बेरीज येते. ती राहिली तर एक ‘न सापडलेले बिल’ फुकटचे वाढते.

टू-बीत जे येणारच नाही ते रजिस्टरमधून आधीच बाजूला काढा. नोंदणी नसलेल्या विक्रेत्याचे बिल, कंपोझिशनवाल्या (विक्रीवर ठरावीक दराने कर भरणाऱ्या, बिलात कर न लावणाऱ्या) दुकानदाराचे बिल, पेट्रोल-डिझेलची पावती यांना टू-बीत शोधण्यात अर्थ नाही. क्रेडिट नोट्स (बिलाची रक्कम मागाहून कमी केल्याच्या नोंदी) टू-बीत वेगळ्या शीटवर असतात. त्या घ्यायच्या तर रक्कम उणे करून घ्या, नाहीतर दोन्ही बाजूंनी बाजूला ठेवून त्यांची जुळवणी वेगळी करा. पार्टीने मागाहून दुरुस्त केलेली बिलेही वेगळ्या शीटवर येतात. शेवटी जे सापडत नाही ते तिथेही एकदा पाहायचे, हे लक्षात असू द्या.

किल्ली बनवणे

आता खरे काम. नोंद ओळखायची कशावरून? पार्टीच्या नावावरून कधीच नाही. ‘श्री गणेश ट्रेडर्स’, ‘श्रीगणेश ट्रेडर्स’ आणि ‘श्री गणेश ट्रेडर्स, पुणे’ ही माणसाला एकच पार्टी वाटते, एक्सेलला तीन. बिल नंबर एकटाही पुरत नाही, कारण ‘१०१’ नंबराचे बिल दहा पार्ट्यांकडून येऊ शकते. जीएसटी नियमांप्रमाणे बिल नंबर एका विक्रेत्यासाठी एका आर्थिक वर्षात एकदाच येतो. म्हणून जीएसटी नंबर आणि बिल नंबर मिळून जी जोडी होते ती आपली किल्ली. दोन वर्षांची माहिती एकत्र असेल तर तिला आर्थिक वर्षही जोडावे लागेल.

दोन्ही शीटच्या एफ कॉलममध्ये, एफ२ या सेलमध्ये लिहा:

=अप्पर(ट्रिम(सबस्टिट्यूट(ए२,कॅर(१६०),"")))&"|"&अप्पर(ट्रिम(सबस्टिट्यूट(बी२,कॅर(१६०),"")))

आणि माहिती असलेल्या शेवटच्या ओळीपर्यंत खाली ओढा. फॉर्म्युला लांबलचक दिसतो, पण प्रत्येक तुकड्याला कारण आहे. ट्रिम मागच्या-पुढच्या रिकाम्या जागा काढते आणि मधल्या जादा जागांची एकच जागा करते. वेबपेजवरून कॉपी केलेल्या मजकुरात मात्र एक वेगळ्याच जातीची रिकामी जागा येते. तिचा क्रमांक १६०. दिसायला ती साधीच, पण ट्रिम तिला ओळखत नाही, म्हणून सबस्टिट्यूटने तिची आधी उचलबांगडी करायची. अप्पर सगळी इंग्रजी अक्षरे मोठी करते. नोंद यादीत किती वेळा आली ते मोजणाऱ्या काउंटइफला लहान-मोठ्या अक्षरांनी फरक पडत नाही, पण पुढे पॉवर क्वेरी (मोठ्या याद्या जोडण्याची एक्सेलमधली सोय) वापरायची वेळ आली तर तिला पडतो.

मधली उभी रेघ शोभेची नाही. दोन मजकूर नुसते चिकटवले तर ‘१२’ आणि ‘३४५’ यांची जोडी ‘१२३’ आणि ‘४५’ यांच्या जोडीसारखीच दिसते. जीएसटी नंबर नेहमी १५ अक्षरांचा असल्याने इथे तो धोका नाही, पण दुसऱ्या कुठल्याही यादीत आहे. सवय म्हणून रेघ घालाच.

या जोडणीचा आणखी एक फायदा नवशिक्यांच्या नजरेतून सुटतो. एका यादीत ४५ हा खरा आकडा असतो आणि दुसरीत ‘४५’ हा मजकूर असतो, तेव्हा व्हीलुकअप आणि मॅच या शोधणाऱ्या फॉर्म्युल्यांना ते वेगळे वाटतात आणि ते ‘सापडले नाही’ म्हणतात. ‘अँड’च्या चिन्हाने जोडलेली प्रत्येक गोष्ट मजकूरच होते, म्हणून किल्लीत हा भेद मिटतो. काउंटइफचा स्वभाव उलटा आहे: नुसते आकडे असलेला मजकूर तिला आकडाच वाटतो, म्हणून ‘००४५’ आणि ‘४५’ ती एकच धरते. १५ पेक्षा जास्त अंकांचे नंबर असतील, उदाहरणार्थ १६ अंकी खाते क्रमांक, तर पहिले १५ अंक सारखे असलेले सगळे तिला एकच वाटतात आणि नसलेली नोंद ‘आहे’ म्हणून दाखवली जाते. किल्लीत अक्षर किंवा उभी रेघ असली की हाही प्रश्न उरत नाही.

पुढे जाण्याआधी एक मिनिट जीएसटी नंबरांवर घालवा. रिकाम्या कॉलममध्ये =लेन(ट्रिम(ए२)) लिहून खाली ओढा. जिथे १५ नाही तिथे चूक आहे. १५ असूनही चूक असू शकते, आणि ती बहुधा शून्य व इंग्रजी ओ यांच्या गोंधळाची असते. ती जागेवरून पकडता येते: पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्र २७, गोवा ३०), मग दहा अक्षरांचा पॅन, म्हणजे तिसऱ्यापासून सातव्यापर्यंत अक्षरे, आठव्यापासून अकराव्यापर्यंत अंक आणि बारावे पुन्हा अक्षर. पाचव्या जागी शून्य दिसले तर ते शून्य नाही, ओ आहे.

एका ओळीचा फॉर्म्युला

‘वही’ शीटवर जी२ मध्ये:

=इफ(काउंटइफ(टूबी!$एफ$२:$एफ$३९९,एफ२)=०,"टू-बीत नाही","आहे")

३९८ बिले दुसऱ्या ओळीपासून सुरू झाली की ३९९व्या ओळीवर संपतात. शीटचे नाव हाताने टाइप करू नका. फॉर्म्युला लिहिता लिहिता कंस उघडल्यावर ‘टूबी’ शीटवर क्लिक करा आणि एफ कॉलममधला पट्टा माउसने निवडा. एक्सेल नाव, उद्गारचिन्ह आणि गरज असेल तर अवतरणचिन्हे आपणच घालते. पट्टा निवडल्याबरोबर कीबोर्डवरची एफ-४ कळ दाबा म्हणजे डॉलरची चिन्हे लागतील.

डॉलर विसरणे ही या कामातली सर्वांत जुनी चूक. डॉलर नसला तर फॉर्म्युला खाली ओढताना पट्टाही खाली सरकतो. दुसऱ्या ओळीत तो २ ते ३९९ असतो, शंभराव्या ओळीत १०० ते ४९७ होतो आणि वरची ९८ बिले शोधातून गळतात. गंमत अशी की वरच्या काही ओळींत उत्तर बरोबर येते, म्हणून संशय येत नाही. खाली जावे तशी ‘नाही’ची संख्या वाढत असेल तर आधी डॉलर बघा.

आता ‘टूबी’ शीटवर हाच फॉर्म्युला उलट दिशेने, पट्टा ‘वही’चा, २ ते ४१३:

=इफ(काउंटइफ(वही!$एफ$२:$एफ$४१३,एफ२)=०,"वहीत नाही","आहे")

अनेक जण पहिल्या दिशेवर थांबतात. क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या कराची मिळणारी वजावट) हातचे जाऊ नये म्हणून रजिस्टरमधली बिले टू-बीत शोधतात आणि टू-बीत जास्तीचे काय आले ते पाहत नाहीत. पण न पोहोचलेले बिल, नोंदवायचे राहिलेले बिल आणि भलत्याच्याच मालाचे आपल्या नंबरावर फाडलेले बिल, ही तिन्ही दुसऱ्याच दिशेने सापडतात.

फिल्टर लावायला कंट्रोल, शिफ्ट आणि एल एकत्र दाबा आणि जी कॉलममध्ये ‘नाही’वाल्या ओळी निवडा. एक्सेल २०२१ किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ असेल तर वेगळ्या शीटवर फक्त राहिलेली बिले एका फॉर्म्युल्यात उतरवता येतात:

=फिल्टर(वही!ए२:ई४१३,काउंटइफ(टूबी!एफ२:एफ३९९,वही!एफ२:एफ४१३)=०)

गुगल शीट्समध्येही तो चालतो, लिबरऑफिसमध्ये २४.८ आवृत्तीपासून. जुन्या एक्सेलमध्ये नाही. तिथे पहिलीच पद्धत वापरा, काही बिघडत नाही. एक्सलुकअपबद्दलही हेच. ‘आहे की नाही’ एवढेच विचारायचे असेल तर काउंटइफपेक्षा त्यात काही जास्त मिळत नाही. दुसऱ्या शीटवरची तारीख किंवा रक्कम शेजारी आणायची असेल तेव्हा एक्सलुकअप कामाला येते.

फॉर्म्युला लिहून एंटर दाबले आणि सेलमध्ये उत्तराऐवजी फॉर्म्युलाच दिसला, तर त्या कॉलमला टेक्स्ट फॉरमॅट लागलेला आहे. टेक्स्ट केलेल्या कॉलमच्या उजवीकडे नवा कॉलम घातला की तो शेजाऱ्याचा फॉरमॅट उचलतो. फॉरमॅट जनरल करा, सेलवर एफ-२ दाबून एंटर करा. आणि खाली ओढल्यावर सगळीकडे एकच उत्तर येत असेल तर फॉर्म्युला मेनूमध्ये कॅल्क्युलेशन ‘मॅन्युअल’वर गेले आहे का पाहा; ‘ऑटोमॅटिक’ करा.

रंगाच्या युक्तीबद्दलही सांगायला हवे, कारण ती फार लोकप्रिय आहे. दोन्ही कॉलम एकत्र निवडायचे, कंडिशनल फॉरमॅटिंगमधून ‘डुप्लिकेट व्हॅल्यूज’ घ्यायचे आणि ‘युनिक’ निवडले की एकदाच आलेल्या नोंदी रंगतात. पंचवीस-तीस नावांच्या यादीला ठीक आहे. पण एकच बिल रजिस्टरमध्ये चुकून दोनदा चढले असेल आणि टू-बीत मुळीच नसेल, तर या युक्तीला ते ‘दोनदा आलेले’ म्हणजे जुळलेले वाटते. दुबार नोंद आणि न आलेले बिल अशा दोन चुका एकमेकींना झाकतात. पैशाच्या कामात ही युक्ती नको.

ताळा

निकालावर विश्वास ठेवण्यापूर्वी तीन गोष्टी तपासा. पहिली: प्रत्येक शीटमध्ये ‘आहे’ आणि ‘नाही’ मिळून एकूण ओळी भरतात का. दुसरी: दोन्ही शीटमधल्या ‘आहे’ची संख्या सारखी आहे का. आपल्या उदाहरणात ४१२ वजा ४० म्हणजे ३७२, आणि ३९८ वजा २६ म्हणजेही ३७२. ती सारखी नसेल तर कुठल्यातरी यादीत एकच किल्ली दोनदा आहे. ती शोधायला त्याच शीटवर =काउंटइफ($एफ$२:$एफ$४१३,एफ२) लिहा आणि १ पेक्षा मोठे उत्तर असलेल्या ओळी गाळून पाहा. प्रत्येक दुबार ओळ चूक नसते. एकाच बिलावर ५ आणि १८ टक्के अशा दोन दरांचा माल असेल तर रजिस्टरमध्ये त्याच्या दोन ओळी असू शकतात.

तिसरी तपासणी अर्ध्या मिनिटाची, आणि तीच सर्वांत खात्रीची: एका जुळलेल्या बिलाच्या नंबरात मुद्दाम एक अक्षर बदला. निकाल लगेच ‘नाही’ झाला पाहिजे. नाही झाला तर फॉर्म्युला भलतीकडेच बघतो आहे. मग कंट्रोल आणि झेड.

‘नाही’ आलेल्या बिलांचे काय

पहिल्या फेरीत ४० बिले ‘नाही’ आली म्हणून ४० पार्ट्यांना फोन लावू नका. त्यांतली बरीचशी समोरच्या यादीत असतात, फक्त वेगळ्या तऱ्हेने लिहिलेली. नियमानुसार बिल नंबर १६ अक्षरांपर्यंत असू शकतो आणि त्यात अक्षरे, अंक, आडवी रेघ आणि तिरकी रेघ एवढेच चालते. मग पार्टी पोर्टलवर ‘जीटी/०१४५/२५-२६’ असे चढवते आणि आपला माणूस रजिस्टरमध्ये नुसते ‘१४५’ मारतो. दोघांचेही चुकलेले नसते, किल्ली मात्र लागत नाही.

म्हणून दुसरी फेरी, फक्त उरलेल्या बिलांची. दोन्ही शीटमधल्या ‘नाही’वाल्या ओळी वेगळ्या शीटवर न्या आणि तिथे सैल किल्ली बनवा, म्हणजे बिल नंबरातल्या दोन्ही प्रकारच्या रेघा काढून टाका:

=ए२&"|"&सबस्टिट्यूट(सबस्टिट्यूट(अप्पर(ट्रिम(बी२)),"-",""),"/","")

सैल किल्ली पहिल्याच फेरीत का नको, असा प्रश्न येतो. कारण रेघा काढल्या की ‘१/२३’ आणि ‘१२/३’ दोन्ही ‘१२३’ होतात आणि खरोखर वेगळी बिले जुळलेली दिसू लागतात. न जुळलेले बिल डोळ्यांसमोर राहते. खोटे जुळलेले मात्र कायमचे नजरेआड जाते. आधी कडक, मग उरलेल्यांवर सैल, हा क्रम उलटा करू नका.

तिसऱ्या फेरीत बिल नंबर सोडूनच द्या आणि पार्टी व रक्कम यांवरून संशयित शोधा. उरलेल्या ओळींच्या शीटवर:

=काउंटइफ्स(टूबी!$ए$२:$ए$३९९,ए२,टूबी!$डी$२:$डी$३९९,">="&डी२-१,टूबी!$डी$२:$डी$३९९,"<="&डी२+१)

म्हणजे त्याच जीएसटी नंबराचे, एका रुपयाच्या आतबाहेरच्या रकमेचे किती बिल टू-बीत आहे. एक रुपयाची सूट पैशांच्या राउंडिंगसाठी. उत्तर १ आले तर तारीख पाहून हाताने जुळवा. इथे ‘आहे’ असे आपोआप लिहवून घेऊ नका: गोदामाचे भाडे किंवा देखभालीचा करार दर महिन्याला तेवढ्याच रकमेचा असतो, आणि ही फेरी जुलैचे बिल खुशाल ऑगस्टच्या बिलाला चिकटवेल.

जुळलेल्या बिलांतही कराची रक्कम सारखी आहे का ते पाहायचे राहिले. व्हीलुकअपने रक्कम आणली तर दोन दरांच्या बिलाची पहिलीच ओळ येते, म्हणून दोन्हीकडे बेरीज घ्या. ‘वही’ शीटवर:

=राउंड(समइफ($एफ$२:$एफ$४१३,एफ२,$ई$२:$ई$४१३)-समइफ(टूबी!$एफ$२:$एफ$३९९,एफ२,टूबी!$ई$२:$ई$३९९),२)

१ पेक्षा जास्त किंवा उणे १ पेक्षा कमी आले की ते बिल उघडून पाहा. राउंड नसले तर दशांशाच्या आतल्या गाळामुळे शून्याऐवजी भलताच बारीक अपूर्णांक दिसतो.

मराठीतल्या याद्या असतील तर

जीएसटीत सगळा कारभार इंग्रजी अक्षरांचा, म्हणून हा प्रश्न येत नाही. पण सभासदांची किंवा विद्यार्थ्यांची नावे देवनागरीत असतील तर डोळ्यांना सारखे दिसणारे दोन शब्द एक्सेलला वेगळे असू शकतात. ‘ॲड.’मधला ॲ कोणी एका कळीने टाइप करतो, कोणी अ लिहून त्यावर चंद्र देतो. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतला अर्धा र दोन-तीन तऱ्हांनी टाइप होतो. तसेच ‘२७’ आणि इंग्रजी आकड्यांतले सत्तावीस हे दोन वेगळे मजकूर. दोन्ही सेलवर लेन लावा. लांबी वेगळी आली तर आत काहीतरी लपले आहे. एक तऱ्हा ठरवून कंट्रोल आणि एच दाबून बाकीच्या तिच्यात बदलून घ्या. जुन्या श्रीलिपी किंवा शिवाजी फाँटमधली यादी असेल तर ती आधी युनिकोडमध्ये बदलल्याशिवाय ताडूच नका, कारण तो मजकूर आतून देवनागरी नसतोच. आणि सभासद क्रमांक, हजेरी क्रमांक असा कुठलाही नंबर उपलब्ध असेल तर नावाच्या नादी लागू नका.

याद्या मोठ्या असतील तर

दोन्हीकडे ५०,००० ओळी असतील तर काउंटइफला २५० कोटींपर्यंत तुलना कराव्या लागतात आणि संगणक बसतो. अशा वेळी पॉवर क्वेरी घ्या. एक्सेल २०१६ पासून ती डेटा मेनूतच आहे. किल्लीच्या कॉलमसकट दोन्ही याद्या कंट्रोल आणि टी दाबून टेबल करा, ‘फ्रॉम टेबल’ने दोन्ही आत घ्या, ‘मर्ज क्वेरीज’मध्ये दोन्हीकडचा किल्लीचा कॉलम निवडा आणि जोडणीचा प्रकार ‘लेफ्ट अँटी’ ठेवा. पहिल्या यादीत आहे आणि दुसरीत नाही, एवढेच उरते. उलट दिशेला ‘राइट अँटी’ घेण्यापेक्षा याद्यांचा क्रम बदलून पुन्हा लेफ्ट अँटी करणे नवख्याला सोपे जाते. पुढच्या महिन्यात टेबलमध्ये नवी माहिती टाकून ‘रिफ्रेश ऑल’ दाबले की झाले. बारा महिन्यांचे काम असेल तर ओळी हजारांत नसल्या तरी हाच रस्ता धरावा.

शेवटी उरलेली यादी

तिन्ही फेऱ्यांनंतर जे उरते ते खरोखर राहिलेले. टू-बी दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होते. पार्टीने जीएसटीआर-१ (तिच्या विक्रीचे विवरण) उशिरा भरला असेल तर बिल पुढच्या महिन्याच्या टू-बीत येते. पाच कोटींपर्यंत उलाढाल असलेली पार्टी तीन महिन्यांनी एकदा विवरण भरत असू शकते. तिने तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांची बिले त्या-त्या पुढच्या महिन्याच्या १३ तारखेपर्यंत वेगळी चढवली नसतील तर ती तिमाहीच्या शेवटीच दिसतील. म्हणून एका महिन्याचे रजिस्टर त्याच महिन्याच्या टू-बीशी ताडून थांबू नका. एप्रिलपासूनच्या सगळ्या टू-बी एकाखाली एक लावा, ‘महिना’ असा एक कॉलम जोडा आणि रजिस्टरही एप्रिलपासूनचे घ्या.

तरीही नसेल तर कारण बहुधा या तिघांत असते: पार्टीने विवरणच भरलेले नाही, आपला जीएसटी नंबर चुकवला आहे, किंवा बिल ग्राहक विक्रीत (नोंदणी नसलेल्यांना केलेल्या विक्रीत) दाखवले आहे. पार्टीला फोन करताना बिल नंबर, तारीख, करपात्र रक्कम आणि कर अशी ओळच पाठवा. नुसते ‘तुमचे बिल दिसत नाही’ म्हटले की ‘आम्ही भरले आहे’ एवढेच उत्तर येते. १ जानेवारी २०२२ पासून कलम १६(२)(एए) प्रमाणे टू-बीत न आलेल्या बिलाचे क्रेडिट घेता येत नाही, म्हणून हे बिल त्या महिन्याच्या थ्री-बीतून (जीएसटीआर-थ्री-बी, कर भरण्याचे आपले विवरण) बाहेर ठेवून ‘बाकी’ नावाच्या शीटवर टाका. तिथे एक कॉलम फोन केल्याच्या तारखेचा ठेवा आणि एक टू-बीत आल्याच्या महिन्याचा. या शीटला मुदत आहे: त्या आर्थिक वर्षाचे क्रेडिट पुढच्या ३० नोव्हेंबरपर्यंत किंवा वार्षिक विवरण भरेपर्यंत, यांतले जे आधी येईल तोवरच मिळते. सप्टेंबरपासून ‘बाकी’ शीट दर आठवड्याला उघडा, मोठ्या रकमा वर येतील असा क्रम लावा आणि फोन त्याच क्रमाने करा.